हैबतराव आबासाहेबांचा अँटेना आणि बूस्टरचे बंड

॥ श्री ॥ जी लहर डोळ्यांस दिसत नाही, हातास लागत नाही, आणि काचेत उतरली म्हणजे माणसासारखी बोलू लागते, तिला प्रथम वंदन. मग ऐकणारांस वंदन. शके एकोणीसशे सात, क्रोधननाम संवत्सर, कार्तिक मास, ते समयी एका राज्यात जे वर्तमान घडले ते पाहणारांनी जैसे सांगितले तैसे येथे लिहिले आहे. राज्याचे नाव लिहू नये ऐसा तेथील थोरांचा आग्रह, तो पाळला आहे. बाकी काही झाकले नाही. लिहिता लिहिता हात थांबला आणि पुन्हा विचारून घेतले की खरेच ऐसे जाहले काय, तेव्हा सर्व एकमुखाने बोलिले की होय, ऐसेच जाहले, आम्ही समोर बसलो होतो.

ते राज्य डोंगरांच्या कढईत वसलेले. पूर्वेस खिंड, खिंडीपलीकडे दूर शहर, शहराच्या माथ्यावर डोंगर, आणि त्या डोंगरावर चित्रे पाठविणारा मनोरा. पश्चिमेस काळा उघडा कडा, भिंत बांधावी तैसा ताठ. राज्याच्या आळ्या दोन, वरची आणि खालची. वरच्या आळीत श्रीमंत हैबतराव राहत, त्यांस लहानथोर आबासाहेब म्हणत, आणि ते मते पडून सरपंचपदी विराजमान जाहले होते आणि पुन्हा पुन्हा होत होते. गुरांची पारख त्यांच्यासारखी कोणास नव्हती. बिथरलेल्या बैलाच्या वशिंडावर त्यांनी हात ठेवावा आणि बैलाने उभे राहावे. माणसांवर मात्र तो हात चालत नसे, कारण स्वभाव तापट आणि शब्द तोफेच्या गोळ्यासारखा, एकदा सुटला की कोठे पडला हे पाहण्यास मागे वळायचे नाही. खालच्या आळीचा कारभार त्यांचे चुलत बंधू निळोबा तात्या पाहत. तात्या गोड बोलत आणि हसत, आणि दोघां बंधूंत येणेजाणे होते, परंतु एकाने पायरी बांधली की दुसऱ्याने ओटा बांधावा ऐसी चढाओढ होती. मग त्या राज्यात टीव्ही आला. प्रथम आबासाहेबांनी आणिला, मग तात्यांनी, मग ज्याची ज्याची ऐपत त्याने त्याने. परंतु डोंगर आड आले. मनोऱ्याची लहर खिंडीपर्यंत येई आणि डोक्यावरून निघून जाई. काचेवर अवघे मुंग्यांचे राज्य. बातम्या सांगणारी बाई मुंग्यांपलीकडे कोठे तरी बसलेली, आणि क्रिकेटचा चेंडू कोणता आणि मुंगी कोणती हे भल्याभल्यांस कळू नये. तरी लोक रोज बसत आणि तासन्‌तास पाहत, कारण डब्यात काही हलते याचेच नवल पुरत होते.

ऐसे असता एके दिवशी निळोबा तात्या तालुक्याच्या गुरांच्या बाजारातून परतले आणि चावडीपुढे आबासाहेब चारचौघांत बसले होते तेथे येऊन उभे राहिले आणि बोलिले, "आबा, बाजारात एक ऐकलं. तुमची मैना टीव्हीवर येणार आहे. येत्या मंगळवारी, दिवेलागणीला, शेतकऱ्यांच्या कार्यक्रमात. गुरांच्या रोगांवर बोलणार आहे म्हणे." हे ऐकताच सभेतील माणसे आबासाहेबांकडे पाहू लागली. कारण मैनावती ही आबासाहेबांची एकुलती एक कन्या, आणि तिचे नाव त्या राज्यात घेत नसत. लहानपणी बापाच्या मागे मागे गोठ्यात फिरे, वासरे बाहेर काढी, आणि मोठी जाहल्यावर बोलिली की मी गुरांची डॉक्टर होणार. आबासाहेब गरजले की पोरीच्या जातीने बैलाच्या अंगात हात घालायचा काय, आणि स्थळ पाहून पाहुणे बोलाविले. पाहुणे सकाळी आले आणि मैनावती पहाटेच गेलेली. तेव्हापासून बापाने लेकीचे तोंड पाहिले नाही, आणि ती कोठे आहे, काय खाते, कोणी विचारावयाचे नाही. आता तात्यांनी चावडीत नाव घेतले आणि सर्वांस वाटले की आता तोफ सुटणार. आबासाहेब उठले, उपरणे झटकिले आणि बोलिले, "मंगळवारी आमच्या घरी टीव्ही बंद राहील." इतके बोलून घरी गेले. परंतु दुसरे दिवशी आदितवारी, तालुक्याहून दस्तगीर मिस्त्री यांची जीप वरच्या आळीत शिरली, आणि जीपच्या टपावर लोखंडी नळ्या आणि आत अॅल्युमिनियमच्या काड्यांचे भारे, हे पाहून लोकांच्या तोंडचे घास तोंडातच राहिले.

दस्तगीर मिस्त्री हे टीव्ही आणि अँटेन्यांच्या कामात त्या मुलुखात मातब्बर, आणि ते स्वतःही तसे सांगत. त्यांनी अंगणात तीन अँटेने मांडिले, जैसे सराफाने दागिने मांडावे. एक आखूड, थोड्या काड्यांचा. दुसरा लांब, पुष्कळ काड्यांचा. तिसरा म्हणजे तैसे दोन लांब एकावर एक जोडलेले, पाहूनच भीती वाटावी ऐसा. आणि एक डबी काढिली, साबणाच्या वडीएवढी, आणि तिला बूस्टर म्हणतात ऐसे सांगितले. आबासाहेबांच्या पत्नी गजराबाईसाहेब दारात येऊन उभ्या राहिल्या आणि बोलिल्या, "मंगळवारी टीव्ही बंद ठेवायचा आहे ना? मग हे कशाला?" आबासाहेबांनी वर न पाहता उत्तर केले, "हवामान कळायला नको? पिकं उभी आहेत." गजराबाईंनी आत जाऊन मिस्त्रींस दोनदा चहा पाठविला. मग मिस्त्री सांगू लागले, "आबासाहेब, आखूड अँटेना मनोऱ्याच्या पायथ्याशी चालतो. इथं लांब पाहिजे. लांब अँटेन्याची नजर लांब, पण अरुंद. तोंड जरा चुकलं की गेलं. आणि बूस्टर म्हणजे जे मिळतं ते मोठं करणार. चित्र मिळालं तर चित्र मोठं, मुंग्या मिळाल्या तर मुंग्याच मोठ्या. तो अँटेन्याजवळ वर खांबावर लावायचा, म्हणजे वायरीत चित्र थकायच्या आधी त्याला बळ येतं." आबासाहेबांनी सर्व ऐकिले आणि एकच पुसिले, "तात्याकडं कोणता?" मिस्त्री बोलिले, "मधला, आणि बूस्टर." "मग आम्हाला तिसरा. आणि बूस्टर तात्यापेक्षा मोठा." मिस्त्री छाती काढून बोलिले, "हा मोठाच आहे. बाजारचा नव्हे, माझ्या हातानं जोडलेला. आजवर माझा एकही बूस्टर परत आलेला नाही." ऐसे ठरले. गजराबाईसाहेबांनी सुचविले की आधी अँटेना लावून पाहू, मग गरज असेल तर डबी, परंतु त्यांचे कोणी ऐकिले नाही.

मग दोन प्रहरी खांब उभा राहिला. छपरावर मिस्त्री आणि दोन गडी, अंगणात आबासाहेब, आणि टीव्हीसमोर खिडकीपाशी गजराबाईसाहेब. आदितवार म्हणून टीव्हीवर दुपारीही काही चालू होते. अँटेन्याचे तोंड खिंडीकडे केले, कारण मनोरा तिकडेच, आणि चित्र मनोऱ्याकडूनच येणार हे शेंबड्या पोरालाही कळावे. वरून हाक आली, "आलं का?" आतून उत्तर गेले, "नाही!" "आता?" "आवाज आला, माणसं नाहीत!" "आता?" "होतं ते पण गेलं!" ऐसे चालले. वरच्या आळीचे लोक कुंपणाला टेकून उभे राहिले आणि तेही ओरडू लागले, डावीकडे, उजवीकडे, वर, खाली. मिस्त्रींचा घसा बसला. शेवटी त्यांनी खांब आवळण्याचा पाना खाली टाकण्यास गड्यास सांगितले आणि विडी पेटविली, इतक्यात वाऱ्याचा झोत आला आणि तो थोरला अँटेना सैल खांबावर गरगरला आणि खिंडीकडे पाठ करून काळ्या कड्याकडे तोंड करून उभा राहिला. आणि घरातून गजराबाईसाहेबांनी ऐसी किंकाळी फोडली की विजेचा झटका बसला ऐसे सर्वांस वाटले. आबासाहेब जोडे फेकून आत धावले. पाहतात तो गजराबाई काचेसमोर उभ्या, हात तोंडावर, आणि काचेत एक बाई भाजी चिरीत होती, आणि तिच्या हातातील बांगड्या दिसत होत्या, विळीची धार दिसत होती, कोथिंबिरीचे पान अन्‌ पान दिसत होते. मुंगी औषधास नव्हती. मिस्त्री छपरावरून उतरले, आत आले, काचेकडे पाहिले, बाहेर जाऊन अँटेन्याकडे पाहिले, पुन्हा आत आले आणि मटकन बसले. बोलिले, "मनोरा पूर्वेला. चित्र पश्चिमेकडून. आबासाहेब, लहर डोक्यावरून जाते, त्या कड्यावर आपटते आणि परत फिरते. या गावात मी किती अँटेने खिंडीकडं तोंड करून बसवले, आणि लोकांना सांगितलं की याहून चांगलं येणार नाही." हे वर्तमान तिन्हीसांजेपर्यंत दोन्ही आळ्यांत पसरले आणि ज्याने त्याने आपला अँटेना कड्याकडे फिरविला, आणि सर्वांच्या घरी माणसे दिसू लागली. म्हाताऱ्या माणसांनी काचेस हात जोडले. ज्या बातम्यांच्या बाईस लोक वर्षभर गोरी समजत होते ती सावळी निघाली.

येथे थांबते तर सर्व क्षेम होते. गजराबाईसाहेब बोलिल्या, "आता दिसतंय की स्वच्छ. ती डबी राहू द्या." परंतु आबासाहेब बोलिले, "तात्याकडं आहे," आणि मिस्त्रींसही आपल्या हातची वस्तू खांबावर पाहण्याची हौस, ते बोलिले, "दुधात साखर पडेल." आणि बूस्टर खांबावर चढला, आणि त्याची वायर खाली येऊन खोलीतील प्लगात बसली. त्या संध्याकाळी चित्र खरेच उजळ दिसले. मग सोमवार उजाडला. दिवसभर कडक ऊन पडले. संध्याकाळी लोक टीव्हीसमोर बसतात तो काचेवर आडव्यातिडव्या पट्ट्या, जैसे कोणी कोयत्याने चित्र कापून टाकिले. आवाजात घरघर. खालच्या आळीत एकाही घरी तोंड दिसेना. वरच्या आळीतही तेच. आबासाहेबांच्या स्वतःच्या काचेवरही पट्ट्या. तेव्हा आबासाहेब बोलिले, "तात्यानं काहीतरी केलं. त्याच्या बूस्टरनं आमचं चित्र फाडलं." आणि त्याच घटकेस खालच्या आळीत तात्या बोलत होते, "आबांनी थोरला खांब उभारला तो यासाठीच. लेक टीव्हीवर येणार, ती गावानं बघू नये म्हणून लहरच कापली." दोघांस एकमेकांकडे माणूस पाठवून विचारावे ऐसे सुचले नाही. रागावलेल्या माणसास ते सुचत नाही. निरोप तेवढे गेले, आणि जाताना निरोप नव्हते, शिव्या होत्या.

मंगळवारी क्रिकेटचा सामना म्हणून टीव्ही दुपारपासूनच चालू होता, आणि दुपार कलली तो पट्ट्या पुन्हा आल्या. आबासाहेबांनी मिस्त्रींस तालुक्याहून बोलावून घेतले, परंतु मिस्त्री येऊन पोहोचण्याआधीच धीर सुटला आणि आपल्या गड्यांस आज्ञा केली की जा आणि तात्याचा बूस्टर उतरवा. गडी गेले. तात्या शेतावर होते. गड्यांनी वायर जागोजाग तोडिली, अँटेना उपटून निवडुंगात फेकिला, आणि विजयी होऊन परत आले. आबासाहेबांनी काचेकडे पाहिले. पट्ट्या तशाच. "पुन्हा जा, नीट पाहा," ऐसे बोलतात तो अंगणात गलका उठला. निळोबा तात्या खालच्या आळीची माणसे घेऊन आले होते, हातांत काठ्या, कोणाच्या हातात पहार. तात्यांचे हसू कोठे गेले होते कोणास ठाऊक. बोलिले, "आबा, बाहेर या. पोरीचं तोंड बघायला लाज वाटते, तर आपल्या घरचं बंद ठेवा. आमचं का तोडलं?" आबासाहेब पायरीवर आले आणि त्यांच्या मागे वरच्या आळीची माणसे, त्यांच्याही हाती काठ्या. दस्तगीर मिस्त्रींची जीप त्या वेळी पोहोचली आणि मिस्त्री दोन्ही फळ्यांच्या मध्ये उतरले आणि हातातील पिशवी छातीशी धरून उभे राहिले. पहिली काठी उचलली गेली. हे सर्व गजराबाईसाहेब खिडकीतून पाहत होत्या. त्यांस इतकेच कळले की ही डबी आली आणि घरात हे आले. त्या वळल्या आणि बूस्टरचा प्लग धरून खेचून काढिला.

तो काय सांगावे! समोरच्या काचेवरील पट्ट्या पुसल्यासारख्या गेल्या आणि चित्र लखलखीत उभे राहिले. आणि त्याच क्षणी खालच्या आळीतून, ज्या बायका घरोघर टीव्ही लावून बसल्या होत्या त्यांचा एकच ओरडा डोंगरावर चढला, "आलं! आलं!" अंगणात काठ्या होत्या तेथेच थांबल्या. गजराबाईसाहेबांस वाटले की योगायोग असेल, म्हणून त्यांनी प्लग पुन्हा लाविला. जरा वेळाने खालून विव्हळणे आले, "गेलं ग बाई!" पुन्हा काढिला. "आलं!" मग त्या प्लग हातात घेऊन पायरीवर आल्या, मागे वायर लोंबत होती, आणि सर्वांस दाखवून बोलिल्या, "हे बघा. चोर आपल्याच घरात आहे."  मिस्त्री छपरावर चढले आणि डबी काढू लागले, आणि हात भाजला म्हणून ओरडले. खाली आणून उघडून पाहतात तो आतला एक सांधा सुटलेला, उन्हाने तापला की डबी बिथरत होती. मिस्त्रींनी ती डबी सर्वांपुढे धरिली. बोलिले, "आबासाहेब, तात्या, याचं काम लहर ऐकून पुढं देणं. यानं ऐकायचं सोडलं आणि स्वतःच बोलायला लागला. आणि एवढ्या मोठ्यानं बोलला की सगळ्या गावाला मनोऱ्याचं ऐकू येईना. माझ्याच हातचा सांधा आहे. तात्यांच्या बूस्टरचा काही दोष नव्हता." कोणी कोणाकडे पाहीना. काठ्या हळूहळू खाली आल्या आणि त्यांचे काय करावे हे न कळून लोकांनी त्या कुंपणास टेकवून ठेविल्या. तात्यांचा अँटेना निवडुंगात पडला होता आणि दिवेलागण जवळ आली होती, तो जोडणे शक्य नव्हते. आबासाहेब पायरीवरून खाली उतरले. मग बोलिले, "तात्या, तुझं आम्ही तोडलं. आमच्याकडं बसा. सगळे बसा." टीव्ही बंद राहील ऐसे हेच बोलिले होते, ते कोणी काढिले नाही.

मग टीव्ही ओसरीवर आणून ठेविला आणि दोन्ही आळ्या अंगणात बसल्या. आबासाहेब पुढे खुर्चीवर, शेजारी तात्या, आणि गजराबाईसाहेब दाराच्या चौकटीस धरून उभ्या. कार्यक्रम सुरू जाहला. आणि मैनावती काचेत आली. केस मागे घट्ट बांधलेले, अंगावर पांढरा डगला, आणि हनुवटी तीच, बापाची, जरा वर केलेली. गजराबाईसाहेबांनी दोन्ही हातांनी तोंड दाबून धरिले. लोक एकमेकांस कोपराने ढोसून बोलू लागले, अरे, मैनाच की ती. मैनावती लाळ खुरकुताविषयी बोलिली, गुराच्या तोंडात फोड कैसे येतात, आजारी जनावर वेगळे कैसे बांधावे, लस केव्हा द्यावी, आणि ऐसे सोपे बोलिली की अंगणातील म्हातारे माना डोलवू लागले. आबासाहेबांची मान हलत नव्हती, परंतु त्यांची बोटे खुर्चीच्या हातावर वशिंड चोळावे तैसी फिरत होती. शेवटी मुलाखत घेणाऱ्या गृहस्थाने हसून पुसिले, "डॉक्टर, एवढ्या मोठ्या बैलांची तुम्हाला भीती नाही वाटत? हे शिकलात कुठे?" मैनावती बोलिली, "वडिलांकडून. ते बैलाच्या अंगावर हात ठेवायचे आणि बैल शांत व्हायचा. कॉलेजात मी औषधं शिकले. हात ठेवायला त्यांनी शिकवलं." गृहस्थ बोलिला, "मग आज ते तुम्हाला पाहत असतील." मैनावतीने खाली पाहिले आणि बोलिली, "नाही. माझे वडील आता नाहीत. वारले."

 सर्व लोकांनी आधी काचेकडे पाहिले, मग आबासाहेबांकडे पाहिले, जे खुर्चीवर बसले होते आणि ज्यांचा श्वास चालू होता. मागे कोणा म्हातारीने भिऊन रामनाम घेतले. कार्यक्रम संपला, दुसरे काही लागले, कोणी टीव्ही बंद केला नाही. आबासाहेब हळूहळू बोलिले, "ती असं का म्हणाली?"  "आम्ही तर इथं आहोत. ती असं का म्हणाली?" तेव्हा शेजारी निळोबा तात्यांनी डोक्याची टोपी काढून मांडीवर ठेविली. बोलिले, "आबा, निरोप तुमचाच होता." "कसला निरोप?" "ती गेली त्या वर्षी दिवाळीला येऊ का म्हणून तिनं मला पत्र लिहून विचारलं होतं. मी कोर्टाच्या कामाला शहरात चाललो होतो. तुम्ही या पायरीवर उभे राहून म्हणालात, तात्या, सांग तिला, तुझा बाप मेला. मी तिच्या दारात उभा राहिलो आणि तेच बोललो. मला वाटलं, हा राग आहे हे तिला कळेल. तिला कळलं नाही. ती खाली कोसळली. कधी, म्हणाली.  झाला महिना, असं तोंडातून गेलं. येऊ नकोस, त्या घरात तुझं नाव घेत नाहीत, असं म्हणालो. आली असती तर तुम्ही दारातून हाकलली असती, म्हणून. नंतर रोज सांगेन सांगेन म्हणत राहिलो, आणि मग सांगता येण्यासारखं राहिलं नाही." आबासाहेबांनी आपल्या हातांकडे पाहिले, जणू ते कोणा दुसऱ्याचे होते. बोलिले, "आम्ही असं म्हणालो होतो?" त्यांस आठवत नव्हते. लोक सांगतात की त्या दिवशीच्या सर्व नवलांत हेच भयंकर होते. ज्या शब्दाने लेक इतकी वर्षे पोरकी राहिली तो शब्द बोलणारास आठवतही नव्हता.

मग दारातून गजराबाईसाहेब पुढे आल्या. त्या रडत नव्हत्या. बोलिल्या, "दर संक्रांतीला एक लुगडं यायचं. बाजारच्या कापडवाल्याबरोबर. मी चोरून घ्यायची. तुम्हाला सांगितलं नाही. फिकट लुगडं, काठाला रंग नाही. हळदीकुंकू कधी नाही, बांगड्या कधी नाहीत. मला वाटायचं, शहरात असलंच नेसत असतील, पोरीला आवडलं असेल. मी घडी करून ठेवून द्यायची." इतके बोलून त्यांनी कपाळाचे कुंकू बोटाने चाचपून पाहिले. "माझी पोर मला विधवेची लुगडी पाठवत होती हो." तेव्हा अंगणातील बायांस हुंदका फुटला. निळोबा तात्या खुर्चीवरून उतरून जमिनीवर बसले. आबासाहेब त्यांस मारतील ऐसे काहींस वाटले. आबासाहेब उठले, तात्यांच्या दंडास धरून त्यांस उभे केले आणि बोलिले, "सकाळच्या गाडीला चल. घर तुला माहीत आहे."

सकाळच्या एस.टी.ने आबासाहेब, गजराबाईसाहेब आणि तात्या निघाले, आणि आपली चूक म्हणून दस्तगीर मिस्त्री तालुक्याच्या थांब्यावरून बळेच चढले.  शहरी घरास कुलूप होते. शेजारणीने सांगितले की बाई गुरांच्या दवाखान्यात असतील. तेथे गेले तो अंगणात एक खिलार बैल लोखंडी खोड्यात उभा, डोळे लाल, दोन माणसे कासऱ्यास लोंबकळत होती, आणि पांढऱ्या डगल्यात मैनावती सुई हाती घेऊन जवळ जात होती. तिने वर पाहिले. फाटकात बाप उभा. तिच्या हातातील सुई गळून पडली.  ऐसी उभी राहिली की पाहणारांस वाटले ही आता पडते. आणि डॉक्टरीण भ्याली हे जनावरास कळावे तैसा बैल उसळला, एका माणसाच्या हातून कासरा सुटला, लोक ओरडले. आबासाहेब फाटकातून धावले, कासरा पकडिला, आणि दुसरा हात बैलाच्या वशिंडावर ठेविला आणि काही तरी पुटपुटले. बैल फुरफुरला, हलला, आणि उभा राहिला. मग आबासाहेब लेकीकडे न पाहता बोलिले, "दुसरी सुई घे. आधी याला दे. मग आम्हाला काय बोलायचं ते बोल." मैनावतीने दुसरी सुई घेतली. सुई नेमकी बसली. मग तिने सुई ठेविली, हात धुतले, सावकाश पुसले, बापासमोर आली आणि त्याच्या मनगटावर बोटे ठेवून उभी राहिली, जैसी डॉक्टर माणसे ठेवितात. सर्व थांबले. पुष्कळ वेळाने ती बोलिली, "चालू आहे." आबासाहेब बोलिले, "हो. फार जोरात." मग तिचा बांध फुटला. बोलिली, "दर पितृपंधरवड्यात तुमच्या नावानं घास ठेवला मी. कावळा यायचा आणि खायचा, आबा! मी म्हणायची, आबांचा राग गेला." आबासाहेब बोलिले, "राग गेला नव्हता. आता गेला." आणि मग ते बोलिले, "चुकलो." हा शब्द त्यांच्या मुखातून निघालेला ऐकून निळोबा तात्यांनी खोड्याचा खांब धरिला, नाही तर पडते. मैनावती आईकडे वळली, आईच्या कपाळाकडे पाहिले, आणि तिच्या गळ्यात पडली. तात्यांशी ती त्या दिवशी बोलिली नाही. पुढील दिवशीही नाही. ते व्हावयास वर्ष लागले, आणि तात्यांनी त्याबद्दल कधी तक्रार केली नाही.

येणेप्रमाणे वर्तमान. आबासाहेबांनी तात्यांचा अँटेना स्वतः छपरावर चढून बसविला. दस्तगीर मिस्त्री अजूनही बूस्टर विकितात, परंतु आधी अँटेना नीट लावून पाहा, चित्र आले तर डबी घेऊ नका, ऐसे गिऱ्हाइकास सांगून मग विकितात, म्हणून फार खपत नाहीत. मैनावती सुट्टीस येते आणि बापलेक गोठ्यात मोठमोठ्याने भांडतात, आणि पुष्कळदा बाप हरतो, हे पाहून राज्यातील लोक अद्याप थक्क होतात. तेथील जाणती माणसे इतकेच सांगतात की श्रीमंत हैबतराव आबासाहेब वारले ते आपल्याच एका शब्दाने, आणि परत आले ते सकाळच्या एस.टी.ने. लेखनसीमा.